चौथा घाव

गाडीजवळ गेले की मिस्त्री आधी डोळे मिटायचे. लोक गाडी बघायला डोळे ताणतात, हे मिटायचे. मग खिशातून एक जुना सुती मोजा काढून उजव्या हातात चढवायचे आणि बॉनेटपासून मागच्या फाळक्यापर्यंत सगळ्या पत्र्यावरून सावकाश तळवा फिरवत जायचे. पायात नुसती चप्पल आणि मोजा हातात! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस थोडा सटकलेला आहे. पुढे कळलं, थोडा नाही, चांगलाच.

मस्कतला वादी कबीरमध्ये गॅरेजांची एक गल्ली आहे, तिथे ते वीसेक वर्षं डेंटर होते. म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा. वेंगुर्ल्याकडच्या एका गावचे. नाव पासपोर्टवर होतं, गल्लीत ते कधी कुणी घेतलं नाही. ओमानी मालकापासून समोरच्या टायरवाल्यापर्यंत सगळे मिस्त्रीच म्हणायचे. आता ते गावी आहेत. गेले त्याला दोन उन्हाळे झाले, आणि हे दोन उन्हाळे मी मुद्दाम मोजलेत, त्याला कारण आहे.

त्यांचा एक नियम होता. पत्र्यात खड्डा कसाही असो, हातोडीचे घाव तीन. आधी पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास नुसता मोजा फिरवत बसतील. गिऱ्हाईक घड्याळ बघतंय, मालक घसा खाकरतोय, यांचं आपलं चाललंय. मग पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि ठक, ठक, ठक. खलास. खड्डा गेलेला असायचा. "तीन घाव बस झाले," म्हणायचे. "चौथो मारूचो लागलो तर चूक पत्र्याची नाय, हाताची."

मोठ्या कामात खड्डे वीस असले तर घाव साठ होत, हे त्यांना मान्य होतं. पण एका जागी चौथा नाही. चौथा पडलाच, तर त्या दिवशी जेवायचे नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. डबा तसाच परत नेला होता माणसाने.

आणि पुट्टी म्हटली की त्यांचं डोकंच फिरायचं. बाकीच्या गॅरेजांत खड्ड्यात पुट्टी भरतात, घासतात, वर रंग मारतात, झाली गाडी नवी. मिस्त्रींच्या लेखी तो गुन्हा होता. "पुट्टी म्हणजे खोटा बोलणा. आणि हयच्या उन्हात खोटा दोन उन्हाळ्यांच्या वर टिकना नाय. फुगता, मगे फाट जाता." मस्कतच्याच कुरुम भागातला एक बँकेतला साहेब गाडी विकायच्या आधी वरवरची टकाटक करून घ्यायला आला, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या दाराला बोटाच्या पेराने टकटक केलं, मग त्याच्याकडे बघून मला म्हणाले, "गाडयेत नाय. सायबाच्या बोलण्यात पुट्टी आसा." त्याला मराठी येत नव्हतं म्हणून बरं. तेव्हापासून आमच्यात ते चालूच झालं. कुणी फार गोड बोलायला लागलं की मिस्त्री हवेतच पेर आपटायचे, टक टक. मी हसून लोळायचो.

मी कोण, ते सांगतो. मी कुरुमच्या एका ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंगं तपासतो. मूळचा पुण्याचा. बायको, एक मुलगी, फ्लॅट, हप्त्यावरची गाडी. त्यात मला चाळिशीत हॉट रॉडचं वेड लागलं. ठाऊक नसेल तर सांगतो: पन्नास-साठ वर्षं जुनी गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापून बुटकं करायचं, दारांची हँडलं काढून भोकं बुजवायची, पोटात दांडगं इंजिन घालायचं आणि रंग असा मारायचा की बघणारा जागीच थांबला पाहिजे. रस्त्यावर न्यायची परवानगी बहुधा मिळत नाही. ट्रकवर चढवून प्रदर्शनाच्या मैदानात न्यायची, पोरांना फोटो काढू द्यायचे, परत आणायची. बायको म्हणायची, "याच्यापेक्षा दारू प्यायला असतास तर लोकांना कळलं तरी असतं."

या वेडात मी एकटा नव्हतो. गॅरेजचा मालक, आमचा अर्बाब, माझ्याहून वेडा. त्याच्या गॅरेजात शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळपासून आम्ही पाचसहा जण जमायचो. कुणी कार्बोरेटर उघडून बसलाय, कुणी सायलेन्सरच्या आवाजावर वाद घालतोय, मध्ये चहाचा थर्मास. दुपारच्या नमाजाला अर्बाब जायचा, तेवढा वेळ मिस्त्री आमचे राजे. सुट्टी असूनही ते यायचे. खोलीवर करमत नाही म्हणायचे. गाडी चालवता येत नव्हती, शिकायची इच्छाही नव्हती. स्वतः सरळ केलेल्या गाडीत कधी बसायचे नाहीत. "माका गाडी भायरसूनच गावता," म्हणायचे.

माझी मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची. वादी कबीरच्याच शाळेत. शुक्रवारी माझ्याबरोबर यायची. पहिल्याच दिवशी डोळे मिटलेले मिस्त्री बघून तिने मोठ्यांदा विचारलं, "बाबा, हे अंकल ब्लाइंड आहेत?" मी कानकोंडा झालो. मिस्त्री खदखदून हसले. "नाय गे बाय. माका धा डोळे आसत," म्हणून त्यांनी तिच्यापुढे दहा बोटं नाचवली. मग तिच्या हातात मोजा घालून तिला पत्र्यावरून हात फिरवायला शिकवलं. तिला एका जागी खड्डा सापडला. खरंच होता. त्या दिवसापासून ती दर गुरुवारी विचारायची, "टुमॉरो मिस्त्री अंकल?" आणि पुढे त्यांच्या हातातला मोजा फाटला तेव्हा त्यांनी तिचा शाळेचा जुना पांढरा मोजा मागून घेतला. त्याचं सूत झिजून पातळ झालेलं, त्यातून पत्रा नीट कळतो म्हणाले. एवढासा मोजा, त्यांच्या चार बोटांतच बसायचा.

माझी गाडी आम्हाला मस्कतपासून दोन तासांवर, इब्रा गावी मिळाली. तिथल्या बाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या गोदामात जुनी अमेरिकन पिकअप तीसेक वर्षं उभी होती. अर्बाब, मी आणि मिस्त्री बघायला गेलो. म्हातारा सांगत होता, माझ्या वडिलांची गाडी, हिला कधी ओरखडा नाही. मिस्त्रींनी मोजा चढवला, डोळे मिटले. डाव्या बाजूला पुढे थांबले. मागे गेले, परत आले.

"सायेब, हिका मार बसलो आसा. मोठ्या जनावराचो. आतसून ठोकून सरळ केली आसा कोणीतरी. धा... नाय, अकरा घाव."

मी अर्बाबला हिंदीत सांगितलं, त्याने म्हाताऱ्याला अरबीत. म्हातारा बघतच राहिला. मग खाली बसला. विशीत असताना त्याने ही गाडी उंटावर घातली होती. वडील प्रवासाला गेलेले. रस्त्यातल्या एका लोहाराकडून ठोकून घेतली, रंग दिला. वडिलांना कधी सांगितलं नाही. वडील गेले, तरी नाही. उंट कुणाचा होता तेही त्याने कधी विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने मिस्त्रींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग काहवा, म्हणजे तिकडची वेलचीची कॉफी, आली, खजूर आला.

परत येताना मिस्त्री गाडीत मागे बसून स्वतःशीच बोलत होते, "बघलास? इतकी वर्सां. भायर इलाच." मी तेव्हा हसलो होतो. मजा वाटली होती मला.

पिकअपचं छप्पर चार इंच कापलं. कापून पुन्हा जोडलं की जोडाच्या जागी खाचा राहतात, त्या बुजवायला हव्यात. मिस्त्री पुट्टीला हात लावणार नाहीत, हे तर ठरलेलंच. तेव्हा मीच इंटरनेटवर शोधून काढलं, की जुने अमेरिकन कारागीर, पुट्टी निघायच्या आधी, हे काम शिशाने करायचे. पत्रा तापवायचा, शिशाची कांडी टेकवायची, मऊ झालं की लाकडी थापीने पसरायचं आणि गार झाल्यावर कानशीने घासून पत्र्याच्या पातळीत आणायचं. मी मिस्त्रींना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा बघितला.

"म्हणजे आत धातूच?"

"धातूच."

"मगे खोटा नाय ता."

इतका खूश झालेला माणूस मी क्वचित पाहिलाय. गावाहून रजा संपवून येणाऱ्याकडून त्यांनी फणसाच्या लाकडाची थापी मागवून घेतली. कांड्या मी परदेशातून मागवल्या. कुरियर ऑफिसात आलं, पाकीट मी टेबलावर फोडलं. पाकिटावर लाल चौकटीत इंग्रजीत सूचना होती. मी ती वाचली. पूर्ण वाचली. माझं कामच आहे बारीक अक्षरातलं वाचायचं.

शुक्रवारी मी मिस्त्रींना म्हटलं, "हे जरा विषारी असतं. मास्क लावा, आणि हात धुऊन जेवत जा." मास्कचा खोकाही नेला होता. ते म्हणाले, "मास्क लावलंय तर पत्र्याचो वास कसो येतलो?" आणि खोका खिळ्याला अडकवून ठेवला. मी पुढे काही बोललो नाही. सांगितलं ना एकदा, झालं. मोठा माणूस आहे, त्याचं तो बघेल.

आणि ते कसं काम करायचे? एका हातात गॅसची टॉर्च, दुसऱ्यात थापी. मग कांडी कुठे धरायची? दातांत. शिंपी टाचण्या धरतो तशी. घासताना भुकटी उडायची ती फुंकर मारून उडवायचे, फू फू, आणि ती परत तोंडावर. बोटाला थुंकी लावून पातळी बघायचे. हात डिझेलने पुसायचे, त्यांच्या मते याहून स्वच्छ काही नव्हतं, आणि अकराला डबा उघडून माशाच्या कालवणाचा भात त्याच हाताने कालवायचे. माझ्या मुलीचा पांढरा मोजा महिन्याभरात काळाकरडा झाला.

मी घरी काय केलं, ते सांगतो. शुक्रवारचे कपडे दारातच उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला लागलो. ते वेगळे धुवायचे, मशीनमध्ये नाही. अंघोळ केल्याशिवाय मुलीला जवळ घ्यायचं नाही. आणि मुलीला गॅरेजात न्यायचं बंद केलं. ती रडली, फुगली. मी ऐकलं नाही. म्हणजे बघा, मला किती नीट माहीत होतं.

मिस्त्री दर शुक्रवारी विचारायचे, "आज बाय येवक नाय?"

"परीक्षा आहे तिची," मी सांगायचो.

"एवड्याश्या पोराक कसली परीक्षा दर शुक्रवारी?" ते म्हणायचे, आणि मान हलवून कामाला लागायचे. पेर मात्र त्यांनी माझ्यापुढे कधी आपटलं नाही.

कांड्या संपल्या. मी नव्या मागवतो म्हटलं तर ते म्हणाले, कशाला उगाच. समोरच्या टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायला लावतात ती शिशाची जुनी वजनं डबाभर पडलेली असतात. ती त्यांनी मागून आणली, मागच्या बोळात लोखंडी कढईत वितळवली, कांड्या स्वतः ओतल्या. धुरात उकिडवे बसलेले, घामाने चिंब, चेहरा हसरा. मला हाक मारून दाखवल्या. मी म्हटलं, "वा मिस्त्री, कमाल आहे तुमची." मीच म्हटलं.

खंडेनवमीला ते हातोड्यांची पूजा करायचे. पाटावर हातोड्या, ठोकळा, कानस, झेंडूची चार फुलं. अर्बाब दरवर्षी बाहेर चपला काढून दाराशी उभा राहायचा, हातात ओमानी हलव्याचा डबा घेऊन. त्या वर्षी पाटावर फणसाची थापीही होती, आणि घरी ओतलेली एक कांडी. तिला हळदकुंकू.

त्यानंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. ओवा खायचे, सोडा प्यायचे. "गॅस झालो आसा," म्हणायचे. उठताना पोटाला हात लावून कण्हायचे, पँट कमरेला दोरीने बांधायला लागले. चिडचिडे झाले. एकदा अर्बाबच्याच अंगावर ओरडले, मग दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. एका शुक्रवारी चहा पिताना कुणाच्या तरी विनोदावर हसले आणि मला त्यांच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. शिसं अंगात भिनलं की येते त्या रेघेबद्दल मी वाचलेलं होतं. चित्रसुद्धा बघितलं होतं.

चहाचा कप माझ्या हातात होता. मी तो संपवला.

पुढच्या आठवड्यात दुखणं असह्य झालं तेव्हा अर्बाब मला म्हणाला, "तुम पढ़ा-लिखा है, तुम लेके जाओ." मी त्यांना जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. त्याने पोट दाबून बघितलं, आणि मला इंग्रजीत विचारलं, "हे काम काय करतात?"

प्रदर्शनाला तीन आठवडे होते. छपराचे जोड झाले होते, दारांची भोकं बुजवायची राहिली होती. शिसं म्हटलं असतं तर रक्त तपासलं असतं, काम थांबलं असतं, कुणीतरी गॅरेज बघायला आलं असतं. आणि मला ती गाडी हवी होती. इतकी हवी होती की आज सांगताना लाज वाटते.

"गॅरेजात असतात," मी म्हटलं. "मेकॅनिक."

डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. मिस्त्री शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुमी होतास म्हणान बरा झाला. माका काय बोलूक जमला नसता."

बायकोला मी नंतर सांगितलं, की तेव्हा सुचलंच नाही. सुचलं होतं.

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी पिकअप ट्रकवर चढवून बघताना साखळी निसटली आणि मागच्या डाव्या मडगार्डात हातभर खड्डा पडला. रंग करणारा यायचा होता दुसऱ्या दिवशी. आम्ही सगळे डोक्याला हात लावून बसलो. मिस्त्री उठले. "तुमी जावा," म्हणाले. "माका एकट्याक करूक देवा." शटर अर्धं ओढून घेतलं. याआधी त्यांनी काम करताना कधी कुणाला घालवलं नव्हतं. उलट बघायला माणसं असली की खुलायचे. मी बाहेर टायरवाल्याच्या खुर्चीत बसून राहिलो. आतून हातोडीचा आवाज येत होता. खूप वेळ येत होता. मी मोजत नव्हतो. मोजायला हवं होतं.

संध्याकाळी शटर वर गेलं. मडगार्ड सरळ होतं, वर प्रायमरचा करडा हातही मारलेला. अर्बाबने त्यावरून हात फिरवला आणि ओरडला, "सीधा! एकदम सीधा! मिस्त्री, तुम उस्ताद है!" मिस्त्रींनी मान वर केली नाही. हातोड्या गोळा करत होते, डाव्या हाताने. त्या दिवशीचा त्यांचा डबा न उघडता तसाच खिळ्याला होता. तोही मी पाहिला होता.

आम्हाला चषक मिळाला. लोकांनी छपराच्या जोडांवरून बोटं फिरवली, कुठे काही लागलं नाही. मिस्त्री आले नव्हते. पोट दुखतंय, म्हणाले होते.

दोनच आठवड्यांनी त्यांचं उजवं मनगट पडलं. म्हणजे हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा, वर उचललाच जायचा नाही. कुणाला नमस्कार करायचा तर डाव्या हाताने उजवा उचलून जोडायचे. अर्बाब त्यांना स्वतः मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला, आणि तिथे पहिल्याच दिवशी रक्तात शिसं निघालं. खूप निघालं. डॉक्टरने अर्बाबला झाडलं. म्हणाला, पोट दुखायला लागलं तेव्हाच आणलं असतं तर हात वाचला असता. आता थोडा येईल परत, सगळा नाही.

अर्बाब गॅरेजात आला तो सरळ माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. "तुमको मालूम था?"

"नहीं," मी म्हटलं. "मुझे क्या मालूम."

मग शिशाच्या सगळ्या कांड्या, ती कढई, थापी, त्याने स्वतः पोत्यात भरून नेलं. शुक्रवार बंद झाले. मी बायकोचं, मुलीचं आणि माझं रक्त तपासून घेतलं. तिघांचं चांगलं निघालं. देवाची कृपा, बायको म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

मिस्त्री गावी गेले तेव्हा विमानतळावर अर्बाब आणि मी होतो. अर्बाबने त्यांची बॅग शेवटपर्यंत स्वतः धरली. मिस्त्री मला म्हणाले, "गाडी सांभाळा. उन्हात ठेव नकात." मला वाटलं, रंगाच्या काळजीने म्हणतायत.

गाडी उन्हातच राहिली. अर्बाबने ती गॅरेजातून काढायला लावली, माझ्या बिल्डिंगच्या मागे पत्र्याच्या भिंतीशी उभी होती. मी जायचोही नाही तिकडे. या वर्षी उन्हाळा ओसरल्यावर कव्हर काढलं आणि मागच्या डाव्या मडगार्डला फुगवटा दिसला. त्याच्या मधोमध फट. नखाने उचलला तर रंगाचा पापुद्रा निघाला, आणि खाली गुलाबीसर, ठिसूळ. पुट्टी.

मी पहिल्यांदा चिडलो. खरं सांगतो, चिडलो. मिस्त्रींनी? मला? मग घरातून पटाशी आणली आणि सगळी पुट्टी खरवडून काढली. दोन तास लागले. खालचा पत्रा उघडा पडला आणि मी तिथेच जमिनीवर बसलो.

पत्र्यावर घावच घाव होते. एकावर एक, एकाशेजारी एक, काही इतके जोरात की पत्रा फाटायला आलेला, काही भलतीकडेच, खड्ड्यापासून वीतभर लांब, जिथे काही नव्हतंच तिथे. मी मोजायला लागलो. एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि पुढे दिसेना.

तीन घावांचा माणूस होता तो. शटर ओढून घेऊन तो आत एकटा काय शोधत होता, आणि मी बाहेर खुर्चीत बसून चहा पीत होतो.

मी फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या बायकोने उचलून त्यांना दिला.

"कोण, सायेब? आवाजावरसून वळाखलंय."

"कसे आहात मिस्त्री?"

"बरो आसंय. जेवूक डावो हात वापरतंय. नातवंडा हसतत." मग विचारलं, "सायेब, दोन उन्हाळे झाले मां?"

"झाले," मी म्हटलं.

"डाव्या मडगार्डाक फाट गेली आसतली."

"नाही हो," मी म्हटलं. "एकदम चांगली आहे गाडी. सरळ."

"सायेब, खोटा बोलू नकात." आवाज अगदी हळू झाला होता. "पुट्टी आसा ती. मीच भरलंय. हातोडी खय पडता ता कळना नाय होता. मोजो घातलंय, डोळे मिटलंय, हात फिरवलंय, तर काय गावनाच नाय. पत्रोच नाय बोटांखाली. तुमचा प्रदर्शन होता. रंगवाल्याक बोलावलेला. म्हणान मगे मागच्या बोळातसून जावन बाजूच्या गॅरेजातसून डबो आणलंय. तुमी माझ्यावर भरवसो ठेवलास. आणि मी तुमका फसवलंय. दोन वर्सां मनात आसा. माका माफ करा."

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी ओठांवर. डॉक्टरने मला काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ती लाल चौकट, ती निळी रेघ, सगळं. दोन वाक्यांचं काम होतं.

"मिस्त्री," मी म्हटलं.

"बोला."

"जाऊ द्या हो. एवढं काय त्यात. माफ केलं."

पलीकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. मग ते थोडे हसले, रडल्यासारखे. "बरा वाटला," म्हणाले. "खूप बरा वाटला, सायेब. तुमी देवमाणूस." आणि मग, फोन ठेवता ठेवता, काहीतरी आठवल्यासारखं म्हणाले, "बाय कशी आसा? तेची परीक्षा झाली मां?"

"झाली," मी म्हटलं. "पास झाली."